मदत हवी आहे: रात्री उसात एकटी राहिले, पण भरदुपारच्या रानात पाय गळतात

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी वनरक्षक म्हणून लागले. बीटचं, म्हणजे माझ्या गस्तीच्या हद्दीचं, नाव लिहीत नाही, घाटमाथ्यावरचं आहे एवढं पुरे. वर हिरडा, जांभूळ, अंजनी, खाली कारवी. गस्तीला सोबत वनमजूर मामा असतात. पण कधी मामांची रजा, कधी त्यांना रोपवाटिकेवर पाठवलेलं, असं करत महिन्यातून चार-पाचदा एकटीच जाते. तेव्हा जे होतं त्याबद्दल विचारायचंय.

जागाही ठरलेली आहे. हद्दीच्या बुरुजापासून पायवाट उतरते, कोरडा ओढा ओलांडते आणि परत चढते. चढ संपतो तिथे एक जुना आंबा आहे. एप्रिलपासून झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा कर्कश गजर चालू असतो, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागेल असा. आणि मध्येच तो सगळा एकदम बंद होतो. त्या क्षणी मानेमागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. वळून बघितलं की ते पुढच्या बाजूला असल्यासारखं वाटतं. तोंडाला कोरड, हात गार. वाळलेल्या कारवीच्या काठ्या वाऱ्याने एकमेकींवर टकटक आपटतात. ती काठ्यांची टकटक आहे हे मला माहीत असतं, तरी पाय उचलत नाही.

गेल्या मंगळवारी मी चक्क पळाले. ओढ्यात पडले, गुडघा सोलला. गस्तीच्या अ‍ॅपमध्ये माझी रेघ आंब्यापर्यंत जाऊन सरळ मागे वळलेली दिसते. साहेबांनी विचारलं तेव्हा पोट बिघडलं होतं म्हणून सांगितलं. परत परत तेच पोट किती वेळा बिघडवणार?

मी काही शहरातली नाही. माहेर जुन्नर तालुक्यात, चहूबाजूंनी ऊस. शेतीपंपाला वीज यायची रात्री, त्यामुळे कॉलेजात असताना रात्री एक-दोन वाजता दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जायचे. आधी बाबांबरोबर, नंतर एकटी. हातात बॅटरी आणि काठी, खिशात मोठ्या आवाजात लावलेला मोबाइल. तिथे बिबट्या खरोखर होता. शेजारच्या वस्तीवरचं वासरू नेलं होतं त्याने. भीती वाटायची, नाही कशाला म्हणू, पण ती कामाची भीती होती. बांधाच्या मधून चालायचं, वाकून बसायचं नाही, बोलत राहायचं. हात कधी गार पडले नाहीत.

अजून एक गंमत. मागच्या महिन्यात मामांचा आठ वर्षांचा नातू हट्टाने माझ्याबरोबर आला. वाटभर करवंदं खात, बिया थुंकत. आंब्यापाशी सिकाडा थांबले आणि मला काहीही झालं नाही. बिबट्या आला असता तर तो पोरगा मला काय वाचवणार होता?

तर प्रश्न असा, की जिथे धोका खरा तिथे मी शहाणी आणि जिथे काही नाही तिथे ही अवस्था, असं का? आणि नोकरी न सोडता यावर काय करता येईल? 'वेताळाला नारळ द्या' घरून सांगून झालंय, तो सल्ला नको.

डोंगरवेडा
ताई, धाग्यासाठी धन्यवाद. वीस वर्षं डोंगरात हिंडतोय आणि हे मी कुणाला बोललो नव्हतो. गटात असलो की मी मुक्कामाला सगळ्यात कडेला झोपतो. एकटा असलो की गुहेच्या आत पाठ टेकवून रात्रभर जागा.
अवांतर: इंग्रजीतला पॅनिक हा शब्द ग्रीकांच्या पॅन नावाच्या रानदेवावरून आलाय. निर्जन रानात माणसाला आणि कळपाला अचानक जी धडकी भरते ती त्याची करणी समजत. तो दुपारी विश्रांती घेतो म्हणून धनगर त्या वेळी पावा वाजवायला भीत. आणि आपल्या आज्या काय सांगायच्या? बाराच्या ठोक्याला एकट्याने झाडाखाली जाऊ नये. दोन टोकांच्या लोकांना भरदुपारच सापडावी!

घाटावरची_मी
आधी एक विचारते, राग मानू नकोस. भीती जनावराची आहे की माणसाची? एकट्या बाईने रानात जाताना पुरुष दिसला तर जी वाटते ती भीती मी 'अकारण' म्हणणार नाही.

धागाकर्ती
राग कसला, बरं विचारलंत. माणसाची भीती मला ओळखता येते. ती पोटात येते आणि डोकं चालू राहतं. मागे लाकूडचोरांची गाडी दिसली तेव्हा नंबर टिपला, झाडाआड बसले, फोन लावला. ही वेगळी आहे. ही मानेवर येते आणि हिला तोंडच नाही.

मेंदूचा_भुगा
'तोंडच नाही' यातच तुमचं बरंचसं उत्तर आहे असं मला वाटतं. मी मानसशास्त्र शिकवतो, उपचार करत नाही, तेव्हा त्या बेताने घ्या.

उसात तुमच्या भीतीला नाव होतं, बिबट्या. नाव असलं की काय करायचं ते ठरतं आणि शरीराची तयारी कामाला लागते. आंब्यापाशी फक्त 'काहीतरी' आहे. मेंदू इशारा देतो, पण पुढची पायरी नाही, म्हणून इशारा वाजतच राहतो. रँडॉल्फ नेसी या मनोविकारतज्ज्ञांनी याला धुराच्या गजराची उपमा दिलीय. पोळी करपली तरी गजर वाजतो, कारण खोट्या गजराने झोपमोड होते आणि न वाजलेल्या गजराने घर जळतं. आपले पूर्वज शंभरदा उगाच दचकले तरी त्यांचं फारसं बिघडत नव्हतं. एकदा दचकायचं राहिलं असतं तर संपलं होतं.

आवाज थांबण्याचं तर फारच नेमकं पकडलंत. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१२ साली उंदरांवर दाखवलंय की शेजारचा उंदीर भीतीने थिजला आणि त्याच्या हालचालीची खसखस बंद झाली, की ती शांतताच दुसऱ्याला धोक्याची खूण वाटते. रानात सगळे एकदम गप्प होणं ही जुनी बातमी आहे. सिकाडा स्वतःच्या कारणाने थांबत असतील, तुमच्या कानाला ते कारण कळत नाही.

आणि तो चढ! १९७४ साली डटन आणि अ‍ॅरन यांनी कॅनडात कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर प्रयोग केला होता. पुलावर धडधडत्या छातीने उभ्या असलेल्या पुरुषांनी त्या धडधडीचा अर्थ समोरच्या तरुणीचं आकर्षण असा लावला. छाती का धडधडते हे शरीर सांगत नाही, अर्थ आपण लावतो. तुम्ही चढ चढून धापा टाकत आंब्याशी पोचता, त्याच वेळी आवाज थांबतो. धाप चढाची, बिल आंब्याच्या नावावर. हा माझा अंदाज आहे, पण तपासता येईल. पुढच्या वेळी चढाच्या अर्ध्यावर दहा मिनिटं बसा, श्वास जाग्यावर येऊ द्या, मग आंब्याकडे जा.

नातवाचं म्हणाल तर त्याने तुम्हाला वाचवायची गरजच नव्हती. दोन जीव असले की पहारा वाटला जातो. तो निवांत करवंदं खातोय ही तुमच्या मेंदूसाठी 'सगळं ठीक आहे' अशी चालू बातमी होती.

प्रवरेकाठचा
आमच्या अकोले भागात बिबट्यांचा अभ्यास झाला होता, २०१३ साली प्रसिद्ध झाला. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ बिबटे, आणि ते अभयारण्यात नव्हे, शेतं-वस्त्यांच्या पट्ट्यात! तेव्हा ताई, उसात घाबरायचा हक्क तुम्ही सोडलात आणि आंब्याखाली वसूल करताय. 😀

खारीक
याला चकवा म्हणतात. माणूस भ्रमिष्ट होऊन तिथल्या तिथे फिरतो. मारुतीस्तोत्र म्हणत जा.

मेंदूचा_भुगा
@खारीक, चकव्यात वाट चुकते, धागाकर्तीची वाट चुकलेली नाही. तरी तुमचा चकवा खोटा नाही हो. २००९ साली जर्मनीतल्या जंगलात माणसांना सरळ चालायला सांगून मागोवा घेतला होता. ढगाळ दिवशी, सूर्य दिसत नसताना, माणसं गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. सूर्य दिसत होता तेव्हा बऱ्यापैकी सरळ गेली. स्तोत्र जरूर म्हणा, श्वास लांब सोडला जातो.

निवृत्त_राउंड
पोरी, तीस वर्षं खात्यात काढली. पहिली दोन वर्षं मीही पळालोय, फक्त तेव्हा अ‍ॅप नव्हतं.

तू चालतेस फार. रान चालताना कळत नाही, बसल्यावर कळतं. त्या आंब्याच्या अलीकडे एखादा दगड धर आणि रोज अर्धा तास बस, पहिले आठ दिवस मामांना हाकेच्या अंतरावर ठेव. प्रत्येक आवाजाला मालक शोधायचा. पाचोळ्यात मोठं जनावर चालल्यासारखी खसपस झाली तर दहातल्या नऊ वेळा सातभाई पक्षी पानं उलटत असतात. वरून खडखडाट आला तर शेकरू. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. भेकर एकाच जागी बघून भुंकत राहिलं, वानराने खकारून साथ दिली, तर तिथे खरंच काहीतरी आहे, तेव्हा मागे फिरायचं आणि त्यात लाज नाही. हे ओळखता यायला लागलं की नुसती शांतता तुला धमकावणार नाही.

कानात गाणी घालू नकोस. त्याने भीती झाकली जाते आणि खरा इशारा ऐकू येत नाही.

आणि एकटीने गस्त हे मला पसंत नाही. घसरून पाय मोडला तर कोण बघणार? वनपालांना लेखी दे की सोबत मिळावी. कारण भीतीचं लिहू नकोस, सुरक्षेचं लिही. ते कारणही खरंच आहे.

घाटावरची_मी
का लिहू नये भीतीचं? लपवून ठेवल्यानेच तर ती पोट बिघडवत बसलीय.

निवृत्त_राउंड
बाई, तुमचं बरोबर आहे. पण साहेब कसा भेटलाय ते तिला ठाऊक, आपल्याला नाही.

समुपदेशक_नाशिक
दोन गोष्टी. भीती टोकाला असताना पळालात की मेंदू नोंद करतो: 'पळालो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी गजर आधी वाजतो. त्यामुळे काकांचा दगड चांगला, फक्त तिथून उठायचं ते भीती उतरल्यावर. शून्य व्हायची वाट बघू नका, दहापैकी आठवरून चारवर आली तरी पुरे. वहीत आकडा लिहा.
दुसरं, असंच बसमध्ये, बाजारात, झोपेतून उठल्यावरही होत असेल तर हा नुसता रानाचा प्रश्न नाही. मग थायरॉईड तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुमच्या साहेबांना कळत नाही.

धागाकर्ती
बाजारात वगैरे होत नाही, फक्त तिथेच. सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला.

आज नववा दिवस. चढाच्या अर्ध्यावर एक सपाट दगड सापडलाय. पहिल्या दिवशी आकडा ९, मामा ओढ्यात बिडी ओढत बसलेले. सहाव्या दिवशी ६. काल मामा नव्हते. चढावर थांबून आंब्याशी गेले तेव्हा धाप नव्हती, हे भुगासरांचं बरोबर निघालं, निम्मी भीती तिथेच गळाली. पण सिकाडा थांबले आणि मान गार पडलीच. ७ लिहिलं. बसून राहिले. मग पाचोळ्यात खसपस. मालक शोधला, सातभाईच होते, सात नाही, पाच. एकाने पान उलटलं, खालचा किडा दुसऱ्याने पळवला, त्यावरून कलकलाट. मी हसले तर सगळे उडाले. ४ लिहिलं.

अ‍ॅपवरची रेघ आता आंब्यापाशी एक मोठा ठिपका होऊन पुढे जाते. साहेबांनी त्या ठिपक्याबद्दल विचारलं. 'पक्षी बघत होते' म्हणाले. सोबतीचा अर्ज मात्र लिहिलाय, सुरक्षेचं कारण देऊन, खाली एक ओळ भीतीचीही टाकलीय. ती ओळ ठेवायची की खोडायची ते ठरत नाहीये. सोमवारी द्यायचाय.

काका, एक राहिलं. पावसाळ्यात कारवी वाढून वाट झाकते, दहा फुटांपलीकडे दिसत नाही. तेव्हा कुठे बसायचं?