शब्द मोडला एकानं, भोगलं पुढच्या बॅचनं

शब्दप्रमाण
कालच्या धाग्यात एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, "अर्ली डिसिजन कोर्टात टिकत नाही. टाकून ठेवा, लागलं तर बघू." हे वाचून चार पालक तेच करतील, म्हणून हा प्रपंच. नवख्यांसाठी: अर्ली डिसिजन म्हणजे अमेरिकेतल्या एकाच कॉलेजाला लवकर अर्ज, आणि प्रवेश मिळाला तर तिथंच जायचा लेखी शब्द.

कोर्टात कोणी खेचत नाही, कबूल. पण त्या करारावर सह्या तीन असतात: मुलाची, पालकांची आणि शाळेच्या काउन्सेलरची. ही तिसरी सही सगळे सोयीस्कर विसरतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल, आणि लागला की बाकीचे अर्ज तातडीने मागे. नाही घेतले, तर बहुतेक काउन्सेलर इतर कॉलेजांना पुढचे कागद पाठवायलाच नकार देतात. ट्युलेन विद्यापीठानं 2025 मध्ये कोलोरॅडोतल्या एका खासगी शाळेला वर्षभर अर्ली डिसिजनबंदी घातली. का, तर आदल्या बॅचमधल्या एकानं माघार घेतली. तो गेला निघून. दार बंद झालं ते ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचं.

आणि कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना एकाच फॉर्मवर अर्ज करायच्या संकेतस्थळाच्या) करारात "कुठल्याही देशातल्या" विद्यापीठाला नवा अर्ज करणार नाही, असं लिहिलेलं आहे. म्हणजे इंग्लंड, सिंगापूर, भारत, सगळं आलं. सही करायच्या आधी वाचत जा हो.

हिशेबनीस
वाचलाय. तुम्ही मात्र अर्धाच वाचून दाखवलात. त्याच करारात पुढे आहे की आर्थिक मदत मागितली असेल, तर मदतीचं पत्र हातात येईपर्यंत बाकीचे अर्ज मागे घ्यायची गरज नाही. आणि मदत इतकी तुटपुंजी असेल की जाणंच शक्य नाही, तर मूल मोकळं. हे शब्द मोडणं नव्हे, करारातलंच कलम आहे.

रीतही सांगतो. पत्र आलं की आधी फायनान्शियल एड ऑफिसकडे लेखी फेरविचार मागायचा, पुराव्यांसकट: नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, आईवडिलांना दरमहा पाठवता त्याच्या पावत्या. तरी भागत नसेल, तर लेखी मुक्तता मागायची आणि काउन्सेलरला प्रत द्यायची. फोनवर बोलून विषय मिटवला की पुढं घोळ होतो. शाळेकडे कागद नसतो आणि मग शाळाच बदनाम.

खरी मेख दुसरीकडे आहे. ज्यांनी "मदत नको" असं लिहिलं, त्यांना ही वाट नाही. आणि आपल्यातले एच-4 वरचे, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेले, किती! त्या मुलांना फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरता येत नाही, बहुतेक खासगी कॉलेजं त्यांना परदेशी धरतात, आणि मदत मागितली की प्रवेशाची शक्यताच घटते. म्हणून घाबरून "नको" लिहितात. त्यांच्याकडून घेतलेला शब्द म्हणजे किंमत न सांगता घेतलेली सही.

तिरकस
साखरपुडा आधी, हुंड्याचा आकडा मांडवात. संस्कृती सातासमुद्रापार पोचली म्हणायची.

कॅपग्रस्त
आपल्या महाराष्ट्राच्या सीईटीच्या कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेशफेरीत) पहिला पसंतीक्रम मिळाला की सीट फ्रीझ, मग बदल नाही. त्यावर कोणी नीतिशास्त्र झाडत नाही. पण तिथं फी शुल्क नियामक प्राधिकरणानं आधीच ठरवलेली असते. फरक तेवढाच, पण तोच तर मोठा.

शब्दप्रमाण
किंमत सांगितली नाही म्हणे! 2011 पासून तिथल्या केंद्रीय कायद्यानं कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती पडेल त्याचा अंदाज देणारा) ठेवणं सक्तीचं आहे. सप्टेंबरात अर्धा तास काढून भरायचा. तेवढाही आळस असेल तर रेग्युलरमध्ये, म्हणजे बंधन नसलेल्या नेहमीच्या फेरीत जा. कोणी जबरदस्ती केलीय?

बेएरिया_बंड्या
पगारदार जोडपं, एकच घर, एवढंच असेल तर कॅल्क्युलेटर ठीक. धंदा, घटस्फोट किंवा भाड्यानं दिलेली जागा आली की त्याचा अंदाज फसतो. शिवाय पुष्कळ कॅल्क्युलेटर इतर मालमत्तेचं धड विचारतच नाहीत. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे खासगी कॉलेजांचा मदतीचा फॉर्म, मात्र विचारतं: कुठे आहे, आजची किंमत किती, कर्ज किती. तिथं आपल्याकडे कोथरूडचा फ्लॅट निघतो.

नवखी_आई
थांबा थांबा, पुण्याचा फ्लॅट दाखवायचा असतो? तो वडिलोपार्जित आहे, भावाबरोबर सामाईक.

हिशेबनीस
दाखवायचा. फक्त तुमचा हिस्सा. फ्लॅट एक कोटीचा, तुमचा निम्मा, म्हणजे 50 लाख. डॉलर 85 रुपयांचा धरला तर 58-59 हजार डॉलर. पालकांच्या मालमत्तेतून ढोबळ पाच टक्के धरतात, म्हणजे वर्षाला तीनेक हजार डॉलर मदत कमी. चार वर्षांचे बारा. कॅल्क्युलेटरमध्ये हे न टाकता नोव्हेंबरात सही केली, तर डिसेंबरात धक्का बसणारच.

कॅपग्रस्त
किंमत रेडीरेकनरची लावा, कमी पडते.

शब्दप्रमाण
फॉर्म बाजारभाव विचारतो, रेडीरेकनर नाही! शब्दाला जागायचं नाही, फ्लॅटही लपवायचा, आणि वर कॉलेजं लबाड!

बेएरिया_बंड्या
लपवा असं कोणी म्हणालं? हक्कसोडपत्र करून भावाच्या नावे करा, विषय संपला.

हिशेबनीस
फी वाचवायला घर सोडून द्या, असा सल्ला पहिल्यांदाच ऐकला. वर्षाच्या तीन हजार डॉलरांसाठी 50 लाख रुपयांवर पाणी? आणि फॉर्म भरायच्या महिनाभर आधी केलेलं हक्कसोडपत्र कोणी खोदून विचारलं, तर सांगणार काय?

बरं, शब्दप्रमाण, तुमच्या नीतीबद्दल एकच. हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं 2006 मध्ये अर्ली प्रवेश बंद करायची घोषणा केली. कारण दिलं की हा प्रकार सुस्थितीतल्यांच्या फायद्याचा आहे. 2011 मध्ये दोघंही परत आले, पण बंधनकारक नसलेला पर्याय घेऊन. म्हणजे बंधनाशिवायही वर्ग भरतो. ऑगस्ट 2025 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात 32 कॉलेजांवर दावा पडलाय, की या करारानं स्पर्धा मारून फी चढी ठेवली जाते. निकाल लागेल तेव्हा लागेल.

शब्दप्रमाण
हार्वर्डला बंधन लागत नाही, कारण तिथं लागलेलं पोर सहसा दुसरीकडे जातच नाही. बाकीच्यांना यील्डची, म्हणजे प्रवेश दिलेल्यांतले किती खरंच येतील याची चिंता असते. असो. एच-4 चा मुद्दा मान्य, त्यांनी न परवडणाऱ्या ठिकाणी अर्ली डिसिजन टाकूच नये. पण जे पूर्ण फी भरू शकतात, मदत मागतच नाहीत, आणि मार्चमध्ये जास्त नावाचं कॉलेज लागलं की पलटी मारतात, त्यांच्यासाठी तुमच्याकडे कुठलं कलम आहे?

हिशेबनीस
त्यांच्यासाठी नाही. ते लबाडच. पण ट्युलेननं शिक्षा त्यांना कुठे दिली? दिली शाळेतल्या पुढच्या पोरांना.

शब्दप्रमाण
मग काउन्सेलरनं सही कशाला करायची?

तिरकस
कारण पालक पीटीएत आहेत.

नवखी_आई
माझा प्रश्न राहिलाच. त्या फ्लॅटवर भावानं त्याच्या धंद्यासाठी कर्ज काढलंय. ते वजा होईल का?

हिशेबनीस
गहाणखत कोणाच्या सहीनं झालंय? तुमची सही असेल तर बँकेचं पत्र घेऊन ठेवा, तुमच्या हिश्शाचं कर्ज दाखवता येईल. नसेल तर ते कर्ज भावाचं, आणि तुमचे 50 लाख पूर्ण 50 लाख. चूभूद्याघ्या.