कझाकस्तानची राजधानी कुठली? (ए विंग ग्रुप, रात्री साडेनऊ)

सावंत काकू: अहो कुणाला माहितीय का कझाकस्तानची राजधानी नक्की कुठली. नातवाला प्रोजेक्ट आहे उद्या द्यायचाय आणि मला आत्ता सांगतोय. दुकानातून आणलेल्या चार्टवर अल्माटी आहे, मोबाईलवर एका ठिकाणी नूरसुलतान आणि दुसरीकडे अस्ताना. एका देशाला तीन तीन राजधान्या कशा

६०१: अल्माटीच काकू. आम्ही मे मध्ये जाऊन आलो ना, केवढं मोठं शहर आहे

केतन ४०३: मोठं आहे म्हणून राजधानी असं नसतं हो 😄 काकू तिन्ही बरोबर आहेत पण वेगवेगळ्या वर्षी. १९९७ पर्यंत अल्माटी होती, मग उत्तरेला अकमोला नावाच्या गावात हलवली, १९९८ ला त्याचं नाव अस्ताना ठेवलं, कझाक भाषेत अस्ताना म्हणजेच राजधानी. २०१९ ला राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव पायउतार झाले तर त्यांच्या नावावरून नूरसुलतान केलं आणि २०२२ ला परत अस्ताना. आज अस्तानाच लिहा

नाईक काका: म्हणजे व्हीटीचं सीएसटी, सीएसटीचं सीएसएमटी आणि मग परत व्हीटी

६०१: आपल्याकडे परत करायची गरजच नाही, टॅक्सीवाला अजून व्हीटीच म्हणतो

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय घ्यावेत. उद्या टाकी सफाई, ११ ते २ पाणी बंद.

स्मिता ताई ५०२: सर दोन मिनिटं. माझी मुलगी अल्माटीला एमबीबीएसला आहे म्हणून सांगते, नेटवरचं सगळं खरं धरू नका. मी कुठेतरी वाचलं होतं की तिकडचं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे, त्यामुळे सकाळी सातला फोन करायचे, म्हटलं तिथे साडेसात झाले असतील उठली असेल, तर पोरगी झोपेतून वैतागून उचलायची. मग कळलं १ मार्च २०२४ पासून त्यांनी अख्ख्या देशाला एकच वेळ लावलीय आणि अल्माटी आता आपल्या अर्धा तास मागे आहे. तिथे साडेसहाच वाजलेले असायचे! ते जुनं पान अजून तसंच आहे

केतन ४०३: तेच ना. पान कधीचं आहे हे कुणी बघत नाही. काकू नातवाने उत्तर कुठून काढलं?

सावंत काकू: त्या एआयला विचारलं म्हणतो. लोकसंख्या पण दोन वेगळ्या आल्यात आणि एका साईटवर तर आकडा डोळ्यासमोर पळतोय

नाईक काका: तो कोण मोजतो एवढ्या पटापट?

केतन ४०३: कुणीच नाही काका, जन्म मृत्यूचा अंदाज धरून गणित चालू असतं. आपली शेवटची जनगणना २०११ ची, त्यानंतरचा भारताचा प्रत्येक आकडा पण अंदाजच. काकू असं लिहा, २०२१ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ९२ लाख, आता २ कोटींच्या वर. वर्ष टाकलं की टीचर काही बोलू शकत नाही. त्यांच्या सरकारी सांख्यिकी खात्याच्या, संयुक्त राष्ट्रांच्या नाहीतर वर्ल्ड बँकेच्या साईटवर बघायचं, तिथे आकड्याशेजारी वर्ष असतंच. विकिपीडिया वाचा पण खालच्या तळटीपा उघडून बघा, मी तर आधी त्याच बघतो

६०१: क्षेत्रफळ २७ लाख चौ.किमी. हे तरी बरोबर ना

केतन ४०३: हो, जगात नववा. जवळपास नऊ महाराष्ट्र मावतील, आणि एवढं असून महासागराचा किनारा नाही

नाईक काका: नऊ महाराष्ट्र आणि माणसं मुंबई ठाण्याएवढी. तिकडे पार्किंगवरून भांडणं होत नसतील

सेक्रेटरी: 🙏 काका

सावंत काकू: चार्टवर कागद चिकटवून अस्ताना केलं. आता विचारतोय झेंड्यावर घार आहे की गरुड

स्मिता ताई ५०२: गरुड. वरती सूर्य, त्याला ३२ किरणं

सावंत काकू: अगं बाई ३२? याने १५ काढलेत

सेक्रेटरी: पाणी भरून ठेवा.