मदत हवी आहे : रोहिणीचा नारिंगी रंग फोटोत का येत नाही?

नमस्कार मंडळी,

नुसत्या डोळ्यांना रोहिणी हा तारा चक्क नारिंगी दिसतो, पण माझ्या फोटोत हटकून पांढरा ठिपका येतो. डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, एफ/२, आयएसओ १६००, ८ सेकंद, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणी) ऑटो. क्षितिजाजवळच्या धुरकट हवेचा दोष म्हणावा तर तेही नाही. रोहिणीची क्रांती (आकाशातला 'अक्षांश') साधारण +१६.५ अंश, म्हणजे पुण्याच्या अक्षांशाच्या जवळपास, त्यामुळे पुण्याहून ती जवळपास डोक्यावरून जाते आणि मी फोटो तेव्हाच काढतो.

आणखी एक शंका. शेजारचा व्ही आकाराचा हायडीज तारकागुच्छ आहे, रोहिणी त्यातलीच ना? मग ती एकटीच एवढी लालसर कशी?

जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
दुसऱ्या शंकेचं आधी. रोहिणी त्या गुच्छातली नाहीच. ती ६५ प्रकाशवर्षांवर, गुच्छ जवळपास १५० वर. आपल्या दृष्टिरेषेत मध्ये आली इतकंच. गाभ्यातला हायड्रोजन संपून ती सूर्याच्या सुमारे ४४ पट फुगली आहे. पृष्ठभागाचं तापमान ३९०० केल्विनच्या आसपास (सूर्याचं ५७७२), म्हणून तो रंग.

आता फोटो. एवढा तेजस्वी तारा ८ सेकंदांत सेन्सरचे लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनल काठोकाठ भरतो, मग पांढराच दिसणार. आयएसओ ४००, २ सेकंद, व्हाइट बॅलन्स डेलाइट, फाइल रॉ (सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणारी). आणि फोकस मुद्दाम किंचित बिघडवा, प्रकाश तबकडीसारखा पसरून रंग दिसतो. ती तबकडी लेन्सची बरं का, ताऱ्याची नव्हे! रोहिणीचा खरा कोनीय व्यास अवघा ०.०२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग).

प्रतिसाद २ :
वरच्याशी सहमत. पण 'एकटीच' नाही हो, हायडीजमध्येही पिवळट-नारिंगी राक्षसी तारे आहेत, फक्त ते जास्त तप्त, म्हणून फिके. रोहिणीजवळची थीटा ही जोडी बायनॉक्युलरमधून बघा : एक पिवळट-नारिंगी, दुसरा पांढरा. फोटोत या दोघांतला फरक दिसला की सेटिंग जमलं समजा. ताडून बघायला त्याच सेटिंगवर मृगातल्या राजन्य (रायगेल) ताऱ्याचाही एक फोटो घ्या, तो निळसर पांढरा यायला हवा.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. थीटा आजच बघतो. रॉ फाइल उघडायला फुकटातलं काही आहे का?

प्रतिसाद १ :
डार्कटेबल.