सोसायटी ग्रुप: आप्पांचं मनगट

वैशाली (ए-२०२): आप्पांच्या दंडाचं हाड जुळलं, प्लास्टरही निघालं, पण मनगट अजून लटकतंच. बोटं सरळ होत नाहीत. डॉक्टर म्हणाले रेडियल नर्व्हला, म्हणजे मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या नसेला, मार बसलाय, वाट बघू. नुसतं बघत बसायचं का? आप्पा फार खचलेत.

शिंदे काका (बी-३०१): वैशाली, आमच्या गावी एक जण नस बसवून देतात. गरम तेलाने जोरात चोळतात. नंबर देऊ?

मुग्धा (सी-१०४): काका, कृपया तिकडे नका पाठवू. मी हाताच्या फिजिओथेरपीचंच काम करते, म्हणून कळकळीने सांगतेय. ही नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून अगदी लगटून जाते. हाड मध्यावर मोडलं की तिला इजा होते ती त्यामुळेच. चोळून ती बरी होत नाही. वैशाली, अंगठा आणि तर्जनीच्या मधे, मागच्या बाजूला बधिर आहे ना?

वैशाली: हो ताई. काल कुकरचं झाकण लागलं तरी कळलं नाही त्यांना.

मुग्धा: मग गरम तेल तर नकोच. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. हाड कातडी फोडून बाहेर आलं नसेल तर बहुतेकांची नस आपोआप सुधारते. पण आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटरच वाढतात. कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत पोचायलाच तीन-चार महिने लागू शकतात. मग मनगट, मग बोटं, अंगठा शेवटी.

कुलकर्णी काकू (ए-५०३): बी-१२ची इंजेक्शनं घेतली तर लवकर होईल का गं?

मुग्धा: काकू, रक्तात बी-१२ कमी असेल तर जरूर घ्यावीत. एरवी त्याने तंतू भरभर वाढतात असं नाही. आप्पांना शुगर आहे, ती ताब्यात ठेवणं जास्त गरजेचं.

वैशाली: पण घरी करायचं काय?

मुग्धा: आधी एक करून बघ. मनगट लटकत असताना त्यांना तुझं बोट घट्ट धरायला सांग, पकड ढिली लागेल. मग मनगट खालून आधार देऊन वर उचल आणि पुन्हा धरायला सांग. पकड लगेच वाढेल. मूठ वळणारे स्नायू शाबूत आहेत हे त्यांना स्वतःला कळू दे. कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट वर उचलून धरणारा आधार, हेच काम करतो. दिवसा तो घालून जेवण, कपडे, सगळं त्याच हाताने. दिवसातून तीन-चारदा स्प्लिंट काढून दुसऱ्या हाताने मनगट, बोटं, अंगठा पूर्ण सरळ करायचे. नस परत आली आणि सांधे आखडलेले असले तर उपयोग काय?

शिंदे काका: सुधारतंय हे कळायचं कसं?

मुग्धा: अंगठा वर ठेवून कोपर वाकवायचं आणि दुसऱ्या हाताने मनगटाजवळ विरोध करायचा. कोपराखाली बाहेरच्या बाजूला स्नायूची दोरी उठली, तर ती बहुधा पहिली खूण. वैशाली, ईएमजी केलंय का, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून नस काम करतेय का बघतात ते?

वैशाली: नाही, कोणी सांगितलंच नाही.

मुग्धा: उद्याच विचार. इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी ते नीट वाचता येतं, म्हणजे आता वेळ झालीय. चार महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर हाताच्या सर्जनना दाखवायचंच. नसेविना स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत कायमचा निकामी होतो, आणि तंतूंना वाटेतही वेळ लागतो. त्यानंतरही चालू स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, मनगटाला जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण नसेचं काम करायची वेळ निघून गेलेली असते.

शिंदे काका: वैशाली, गाडी मी काढतो. किती वाजता निघायचं सांग.

वैशाली: काका, सकाळी १०ला. मुग्धाताई, स्प्लिंट मापाचा आहे का बघायला संध्याकाळी येशील?

मुग्धा: सातला येते. आप्पांना झोपू देऊ नकोस.