'झुडपी जंगल' आणि नकाशाची 'अचूकता'

प्रश्न: उपग्रहचित्रावरून तालुक्याचा भूआच्छादन नकाशा (कुठं पीक, कुठं झाडं, कुठं पडीक, हे दाखवणारा) केला. तपासायला सातबाऱ्यावरचे 'झुडपी जंगल'चे गट खरे धरले, तर अचूकता फारच कमी येते. चुकतो नकाशा की शब्द? शिवाय 'युजर्स' आणि 'प्रोड्युसर्स अ‍ॅक्युरसी'ला मराठीत काय म्हणावं?

उत्तर १: आधी शब्द तपासा. 'झुडपी जंगल' ही विदर्भातली महसुली नोंद आहे. त्या गटात आज कुठं वावर आहे, कुठं घरं, कुठं नुसता मुरूम. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वन मानल्या, पण तो कायद्यातला दर्जा झाला. उपग्रहाला दर्जा दिसत नाही, फक्त आच्छादन दिसतं. नकाशातल्या वर्गाला नुसतं 'झुडपं' म्हणा. भारतीय वन सर्वेक्षणही छत्रघनता (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला जमिनीचा भाग) १० टक्क्यांहून कमी असलेल्या वनजमिनीला झुडपी क्षेत्रात धरतं.

तपासणीची ठिकाणं यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडा, दर वर्गाला निदान ५०. सडकेच्या कडेची सोयीची ठिकाणं घेतली की आकडा फुगतो. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्राचा पिक्सेल (एक ठिपका) १० मीटरचा. धुऱ्यावर उभं राहून नोंद केली तर दोन वावरांची सरमिसळ होते, म्हणून २०-३० मीटर आत जा. तारीखही जुळवा: मार्चातला निष्पर्ण सागवान चित्रात झुडपं किंवा पडीक वाटतो.

उत्तर २: अचूकतेच्या दोन शब्दांबद्दल. समजा, जागेवर झुडपांची ५० ठिकाणं आहेत, त्यातली ४० नकाशानं ओळखली. ही 'कर्त्याची अचूकता' (प्रोड्युसर्स), ८० टक्के, १० सुटली. पण नकाशानं एकूण ६० ठिकाणांना झुडपं म्हटलंय, म्हणजे २० घुसली. ही 'वापरणाऱ्याची अचूकता' (युजर्स), ४० भागिले ६०, सुमारे ६७ टक्के. सुटलेल्या आणि घुसलेल्या ठिकाणांच्या चुकांना मी 'सुटचूक' आणि 'घुसचूक' म्हणेन. सुटचुकीला 'वर्जनदोष' म्हटलं तर वावरात उभ्या माणसाला कळत नाही. नकाशा हाती घेऊन जाणाऱ्याला वापरणाऱ्याच्या अचूकतेचा आकडा लागतो, आणि अहवालात बहुधा तोच नसतो.

उत्तर ३: जागेवर जाऊन केलेल्या नोंदीला 'भूसत्य' (ग्राउंड ट्रुथ) हा शब्दही नको, 'संदर्भनोंद' बरा. जागेवरची नोंदही चुकते. सोयाबीनमध्ये तूर असेल तर ऑक्टोबरात सोयाबीन निघतं आणि डिसेंबरात तिथं तूरच दिसते. नोंदीत दोन्ही पिकं लिहा, तारखेसकट.