सहाव्या मजल्यावरची ओढणी आणि बंटीचा ड्रोन

बी-६०२ काकू: सकाळी साडेसातला माझ्या गॅलरीत एक भिरभिरं येऊन धडकलं. वाळत घातलेली ओढणी त्याच्या पात्यांत गुंडाळली गेली आणि सगळं लोढणं कोरफडीच्या कुंडीवर पडलं. कॅमेरा आहे त्याला. कोणाचं आहे हे?

अण्णा सेक्रेटरी: ज्याचं असेल त्याने इथेच सांगावं. नाहीतर सीसीटीव्ही बघावा लागेल.

डी-२०१: टँकर आला का?

बंटी सी-१००३: काकू, माझाच आहे. मनापासून सॉरी. तुमच्याकडे शूट करत नव्हतो, शपथ. विसर्जनाचा वरून शॉट घ्यायचाय म्हणून क्लब हाउसपाशी सराव चालला होता. ड्रोन बी विंगच्या मागे गेला, स्क्रीन काळी झाली, मग तो आपोआप परत यायला निघाला आणि थेट तुमच्या गॅलरीत. जे काही रेकॉर्ड झालंय ते तुमच्यासमोर डिलीट करतो.

नाना डी-७०२: काकू, आधी एक सांगा, ते गरम लागतंय का? वास येतोय का? तसं असेल तर हात लावू नका. बंटी, तू आत्ता वर जा. बॅटरी काढ आणि कुंडीतल्या मातीवर उघड्यावर ठेव. आदळलेली लिथियम बॅटरी घरात आणायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. कधीकधी तासाभराने पेटते.

बंटी सी-१००३: निघालो.

ए-९०१ ताई: आपल्या सोसायटीत ड्रोनला बंदीच घाला. आज ओढणी होती, उद्या कोणाचं डोकं असेल.

बंटी सी-१००३: काढली. फुगलेली दिसत नाही, पण एक कोपरा चेपलाय. ठेवली कुंडीत. क्लिप काकूंसमोर डिलीट केली. ड्रोन अण्णांनी जप्त केलाय.

नाना डी-७०२: कोपरा चेपला म्हणजे ती बॅटरी गेली. आता खरं सांग, रिटर्न टू होमची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर आपोआप परत येतो तेव्हाची उंची किती ठेवली होतीस?

बंटी सी-१००३: बघितलीच नव्हती नाना. आत्ता ॲपमध्ये बघतोय, २० मीटर.

नाना डी-७०२: झालं! आपलं पार्किंग ३ मीटर, वर प्रत्येक मजला साधारण ३ मीटर. म्हणजे सहावा मजला जमिनीपासून १८ ते २१ मीटरच्या मध्ये येतो. सिग्नल तुटल्यावर तुझा ड्रोन इमानदारीत २० मीटरवर चढला, तुझ्याकडे तोंड केलं आणि सरळ रेषेत निघाला. मध्ये काकूंची गॅलरी होती. यंत्राने सांगितलेलं काम केलं.

बारा मजले, त्यावर लिफ्टची खोली, टाकी, टाकीवर वीजरोधकाची दांडी. आपल्याकडे ती परतीची उंची ६० मीटरच्या खाली ठेवायचीच नाही. माळावर गेलास तर कमी कर. जागा बदलली की आकडा बदलायचा, हे बोटांना लागलं पाहिजे. तुझ्या २४९ ग्रॅमवाल्याला सेन्सर फक्त पोटाखाली आहे, समोरची भिंत त्याला दिसत नाही.

बी-६०२ काकू: म्हणजे माझी गॅलरी त्याच्या वाटेत होती होय!

नाना डी-७०२: तसंच म्हणा. लग्नाच्या शूटिंगला गेली आठ वर्षं उडवतोय, माझे दोन गेले. एक विहिरीत, एक लॉनच्या लायटिंगच्या तारेत. दोन्ही वेळेला चूक उडवण्याआधीच झाली होती. घाईत सॅटेलाइट पकडायच्या आत वर गेलो आणि त्याने होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, भलतीकडेच नोंदवला. दहा-बारा सॅटेलाइट दिसेपर्यंत थांब, मग नकाशावरचं टिंब तू उभा आहेस तिथेच आहे का बघ. अर्धा मिनिट जातो.

दुसरं, टेरेसच्या स्लॅबवरून उडवू नकोस. आत लोखंडी सळया असतात, कंपास गोंधळतो आणि ड्रोन वर गेल्यावर गोल गोल घिरट्या घालायला लागतो. गाडीच्या बॉनेटवरून तर नाहीच. मी जेवायला बसायचा लाकडी पाट घेऊन जातो. लोक हसतात. पण धूळ पंखात जात नाही आणि उतरवतानाही जागा डोळ्यासमोर राहते.

अण्णा सेक्रेटरी: पाट? नाना, पत्रावळही न्या!

ए-९०१ ताई: गंमत बाजूला ठेवा. परवानगी लागते की नाही याला?

नाना डी-७०२: लागते, ताई, पण प्रत्येकाला सारखी नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट आणि विमा माफ आहे, पण नोंदणी करून युनिक नंबर घ्यावाच लागतो. बंटी, तुझा नंबर आहे का?

बंटी सी-१००३: …

नाना डी-७०२: समजलो. आधी ते काम कर, दंड लाखापर्यंत जाऊ शकतो. आणि २४९ ला प्रोपेलर गार्ड, म्हणजे पात्यांभोवतीची जाळी, लावलीस की २५० ओलांडतोस, मग तो मायक्रोत गेला. वजनाच्या काट्यावर सगळं लावून बघ. काकूंकडे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे.

बी-६०२ काकू: तो केकसाठी आहे. पण बघा.

नाना डी-७०२: डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा दर वेळी उघडायचा. लाल म्हणजे विषय संपला. पिवळा म्हणजे आधी परवानगी. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. आपल्या पुण्यात एकीकडे लोहगावला हवाई दलाचा तळ, दुसरीकडे खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. त्या दिशेला ड्रोनचं तोंडही वळवू नकोस. आणि सणासुदीला पोलिसांचा बंदी आदेश निघू शकतो, तो नकाशावर दिसेलच असं नाही. चौकीवर जाऊन विचार.

सी-४०४: आमच्या मुलाने शनिवारवाड्यावर उडवायचं ठरवलंय, कॉलेजच्या प्रोजेक्टला. चालेल ना?

नाना डी-७०२: पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी असेल तर. नसेल तर ड्रोन बॅगेतच राहू द्या.

बंटी सी-१००३: नाना, मग विसर्जनाचा शॉट?

नाना डी-७०२: विसर्जनाला उडवू नकोस. माणसांच्या डोक्यावर ड्रोन नेणं मला पटतच नाही, नियमात बसो न बसो. शिवाय गुलाल. मोटरमध्ये गुलाल गेला की दिवाळीपर्यंत निघत नाही. आणि खरं सांगू का, सरळ वरून मिरवणूक चांगली दिसतच नाही. डोकी, टोप्या आणि टेम्पोचं टप दिसतं. बाप्पाचा चेहरा कुठे दिसतो? डी विंगच्या सहाव्या मजल्याच्या जिन्यातून साधा कॅमेरा धर, तिथून चेहराही येतो आणि ढोलाची रांगही.

ड्रोनचा शॉट त्या दिवशी पहाटेचा घे, साडेसहाला, नकाशा आणि चौकी दोन्हीकडून हो असेल तर. मांडवाच्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरून हळूहळू वर चढ, कॅमेरा खाली झुकवत ने. ऊन तिरपं असतं, सावल्या लांब पडतात, रस्ता रिकामा असतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास धर. उन्हात तेवढ्याला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची उजेड कमी करणारी काच, लागतो, पण त्याचंही वजन मोज. मांडवाच्या एलईडी माळा लुकलुकतात त्यालाही १/५० बरं पडतं. रिमोटची काठी बोटाच्या टोकाने नाही, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धर. हात थरथरला की शॉट थरथरतो.

बंटी सी-१००३: आणि वारा? मागच्या वेळी परत येईना, बॅटरी ८ टक्क्यांवर आली होती.

नाना डी-७०२: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना तो ढकलतो. तू उलटं केलं असशील. वर वारा खालच्यापेक्षा जास्त असतो, झाडाची पानं बघून अंदाज घेऊ नकोस. ३० टक्के झाले की परत फिरायचं. उतरवताना एकदम सरळ खाली ओढू नकोस, स्वतःच्याच हवेत बुडतो. जरा पुढे सरकत उतरव. घार अंगावर आली तर घाबरून खाली पळू नकोस, सरळ वर चढव. आणि बी नि सी विंगच्या मधून जाऊच नकोस, केबलवाल्याच्या तिथे सात वायरी आहेत, मी मोजल्यात. सेन्सरवाल्या महागड्या ड्रोनलाही त्या दिसत नाहीत.

ए-९०१ ताई: बरं, बंदी नको. पण मी म्हणते, आदल्या दिवशी ग्रुपवर वेळ टाकायची. आम्ही पडदे ओढून घेऊ.

अण्णा सेक्रेटरी: मान्य. वेळ, जागा आणि नंबर, तिन्ही आदल्या दिवशी. ड्रोन ऑफिसमध्ये आहे, नोंदणीचा कागद दाखव आणि घेऊन जा.

बंटी सी-१००३: हो अण्णा. काकू, ओढणी नवीन आणून देतो.

नाना डी-७०२: पाती नवीन लाव हं. जुन्यांच्या कडेवरून नख फिरव, अडकलं की चीर आहे समज. चारही बदल.

डी-२०१: टँकर??

बी-६०२ काकू: आला, खाली उभा आहे. बंटी, ओढणी राहू दे, ती बॅटरी कधी नेतोस? मला कुंडीला पाणी घालायचंय.