‘अगोरा’ : न लावलेला शोध हायपेशियाच्या नावावर का?

आलेहांद्रो आमेनाबार यांचा ‘अगोरा’ (२००९) हा चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला. अलेक्झांड्रियाची गणितज्ञ हायपेशिया, शहरातील धार्मिक दंगली आणि इ. स. ४१५ मध्ये जमावाने केलेली तिची हत्या हा त्याचा विषय. हायपेशिया साकारणाऱ्या रेचल वाइझ यांचे काम उत्तम आहे. आक्षेप आहे तो एकाच गोष्टीला. शेवटाकडे ती दोरीने वाळूत लंबवर्तुळ आखते आणि पृथ्वी याच मार्गाने सूर्याभोवती फिरते, असे तिला उमगते. हा शोध खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९ मध्ये मांडला. हायपेशियाला तो लागल्याचा कोणताही पुरावा नाही. अपोलोनिअस या ग्रीक गणितज्ञाच्या शंकुच्छेदांवर (शंकू कापून मिळणाऱ्या लंबवर्तुळासारख्या वक्रांवर) आणि डायोफँटस या गणितज्ञाच्या अंकगणितावर तिने भाष्ये लिहिली, हे तिचे खरे कर्तृत्व. गीतेवरील टीकेला शिरोधार्य मानणाऱ्या मराठी वाचकाला भाष्यकाराचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद : आक्षेप पटला नाही. तिची भाष्ये मूळ रूपात उरलेली नाहीत. मग दिग्दर्शकाने तिची बुद्धी दाखवायची कशी? चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून ती पोते खाली टाकायला लावते, ते मागे न पडता काठीच्या पायथ्याशी पडते आणि स्वतःचा अंदाज चुकल्याचाच तिला केवढा आनंद होतो! या प्रसंगालाही पुरावा नाही, पण विचार करणारी स्त्री इतक्या जवळून मी पडद्यावर क्वचितच पाहिली आहे. शिवाय लंबवर्तुळाचे गणित आणि टॉलेमीचे पृथ्वीकेंद्री खगोलशास्त्र, दोन्ही तिला अवगत होते.

धागाकर्ता : दोन्ही अवगत असूनही तो शोध पुढे बारा शतके कोणालाच लागला नाही, हाच तर इतिहास आहे. जहाजाचा प्रसंग मलाही आवडतो, कारण तो तिच्या नावावर कोणताही सिद्धान्त चढवत नाही. लंबवर्तुळामुळे मात्र एक महान शोध तिच्याबरोबर मारला गेला, असा समज होतो. सॉक्रेटिस स्कोलास्टिकस हा ख्रिस्ती इतिहासकार निराळे कारण देतो : प्रांताधिकारी ओरेस्टीस आणि बिशप सिरिल यांच्यातील समेट तीच होऊ देत नाही, अशी वदंता पसरली होती. शहराच्या कारभारात तिच्या शब्दाला वजन होते, आणि तेच तिच्या जिवावर बेतले. चित्रपटात हे राजकारण येते, पण मनात उरते ते लंबवर्तुळच.

आणखी एक प्रतिसाद : माझ्या मते याहून मोठा अन्याय सिनेसिअसवर झाला आहे. चित्रपटात बिशप झालेला हा शिष्य अखेरीस तिच्यावर धर्मांतरासाठी दबाव आणतो. प्रत्यक्षात तो बहुधा तिच्या आधीच वारला होता, आणि त्याच्या पत्रांत दबावाचा मागमूसही नाही. एका पत्रात तो तिच्याकडे द्रवाची घनता मोजायचे उपकरण मागतो आणि ते कसे घडवावे, हेही सविस्तर लिहितो : बासरीएवढी नळी, तिच्यावर खुणांच्या रेघा. दुसरे पत्र त्याने आजारपणात, अंथरुणावर पडून सांगितले आहे, आणि त्यात बिशपपदावरचा हा माणूस तिला आई, बहीण आणि गुरू म्हणतो.